ग्रानादाच्या सहलीला नेलेलं कुलूप

आमच्या गल्लीत परगावचा माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. तोलेदो टेकडीवर वसलेलं, गल्ली त्या टेकडीवरून ताहो नदीकडे उतरणारी, आणि तिच्यात बसवलेले गोटे कोणत्या राजाच्या काळचे यावर एकमत नाही. त्या राजाजवळ चाकांची बॅग नव्हती, एवढंच खात्रीने सांगता येतं. वरच्या वळणावर चाकं खडखडू लागली की माझ्या समोरच्या घरात तळमजल्यावरच्या खिडकीचा पडदा दोन बोटं बाजूला होतो. त्या दोन बोटांच्या मालकीणबाई म्हणजे साग्रारिओ.

वय अठ्ठ्याहत्तर. अंगाने किरकोळ, आवाजाने नव्हे. नवरा सेसारेओ शस्त्रांच्या कारखान्यात तलवारीची पाती घासायचा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. बाई पडद्याआडून नुसत्या आवाजावर सांगायच्या, "चार चाकं, एक निखळलेलं. बाई आहे. राहणार तीन रात्री, आणलंय तीन महिन्यांचं." बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

जुनं शहर बघायला येणाऱ्याने सोबत काय आणावं, याबद्दल कुणी विचारलं नसलं तरी बाईंची मतं तयार होती. पायाला सवय झालेले, रबरी तळव्याचे बूट, एकच जोड. सहलीसाठी नवे बूट घेणारा एकतर मूर्ख असतो नाहीतर फरारी. खांदे झाकायला शाल, कारण "चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी शिरलेल्या बाईकडे देव बघत नाही, बाकी सगळे बघतात." पाण्याची बाटली घरची, कारण चौकात पाणी विकणाऱ्याच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि चौकातल्या नळावर तर मुळीच नव्हता. छत्री नको, आमच्या गल्लीत दोन छत्र्या समोरासमोर आल्या की एकीला मागे फिरावं लागतं, आणि सुट्टीवर आलेला माणूस मागे फिरत नाही.

"बॅग म्हणजे कबुलीजबाब असतो, क्रिसांतो," त्या मला म्हणत. "पाद्र्यासमोर माणूस खोटं बोलेल. बॅग भरताना नाही बोलणार."

मी प्रांताच्या अभिलेखागारात सदतीस वर्षं जुने कागद फडताळात लावले आणि निवृत्त झालो. बाईंच्या हिशेबी मी शिकलेला माणूस, म्हणजे ज्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागते असा.

दुसऱ्यांच्या बॅगांवर एवढा अधिकार असलेल्या या बाईंनी स्वतः चौपन्न वर्षांत एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. लग्नानंतर दोघं ग्रानादाला निघाली होती, आलांब्रा राजवाडा बघायला; पण आरान्हुएझ स्टेशनवर सेसारेओला मुतखड्याची कळ आली आणि मधुचंद्र तिथल्या दवाखान्यात झाला. त्यानंतर जायचं राहिलं ते भाडेकरारामुळे. घर जुन्या कराराचं. असा करार असलेल्या भाडेकरूला मरेपर्यंत कुणी हलवू शकत नाही, आणि म्हणूनच त्याला हलवावं असं मालकाला मरेपर्यंत वाटत राहतं. घर सहा महिने बंद राहिलं किंवा दुसऱ्या कुणाला राहायला दिलं, तर मात्र करार मोडता येतो. कायद्यात सहा महिने आहेत. बाईंनी आपल्या सुरक्षिततेसाठी ती मुदत एक रात्र धरली होती.

मालकीण दोन्या लेओकादिया होती तोवर ठीक होतं. तिलाही संशयाची सवय होती, त्यामुळे दोघींचं जमायचं. गेल्या उन्हाळ्यात ती वारली आणि घर आलं तिच्या भाच्याकडे, माद्रिदच्या बोर्खाकडे. पंचेचाळिशीचा, गोरागोमटा, मोजे न घालता बूट घालणारा माणूस. ऑक्टोबरात एका सकाळी तो गल्ली उतरून आला आणि बाईंच्या दारात उभा राहिला. हातात मार्झिपानचा डबा.

इथे थोडं थांबायला हवं. बदामाचं मार्झिपान ही तोलेदोची मिठाई आहे. आमच्याकडे ते नन करतात, हलवाई करतात, आणि नाताळात ते संपवायला शेजाऱ्यांची मदत लागते. तोलेदोला येताना माद्रिदहून मार्झिपान आणणाऱ्या माणसाबद्दल काय समजायचं?

"दोन्या साग्रारिओ," तो म्हणाला, म्हणजे बाईसाहेब.

"माझ्या नवऱ्याने मला कधी दोन्या म्हटलं नाही," बाई नंतर मला म्हणाल्या. "तेव्हाच माझ्या लक्षात आलं."

डब्याबरोबर एक पाकीट होतं. पाकिटात ग्रानादाची तीन दिवसांची सहल: बस, हॉटेल, आलांब्राचं तिकीट, त्यावर बाईंचं नाव आणि शनिवारी सकाळी साडेअकराची वेळ छापलेली. मावशीच्या आठवणीसाठी, बोर्खा म्हणाला. मावशी सांगायची, तुमचं ग्रानादा राहून गेलंय.

"सगळे पैसे भरलेत?" बाईंनी विचारलं.

"सगळे."

"आणि मी काय करायचं?"

"मजा करायची."

बाईंनी दार लावलं, आणि दहा मिनिटांनी डबा घेऊन माझ्याकडे आल्या. डबा न उघडता टेबलावर ठेवला, आपल्यापासून जरा लांबच.

"मला घराबाहेर काढतोय," त्या म्हणाल्या.

"तीन दिवसांसाठी."

"घर जायला एक दिवस पुरतो. मी तिकडे राजवाडा बघत बसेन आणि हा इकडे कुलूप बदलेल. परत आले की माझी किल्ली लागणार नाही. मग मी दारात उभी राहून सांगत बसायचं की मी इथं राहते. कोण ऐकतं? बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, क्रिसांतो. आतल्याचंच ऐकतात."

"मग जाऊ नका."

"नाही गेले तर त्याला कळेल की मला कळलंय."

हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय बोलताना त्यांनी पाकिटातलं तिकीट दोनदा बाहेर काढून पाहिलं होतं, आणि दुसऱ्यांदा ते पाहताना चेहऱ्यावर संशय नव्हता. मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं, आणि तिकीट ब्लाउजच्या आत गेलं.

पाकिटात सहलवाल्यांनी दिलेली एक यादीही होती: सोबत काय आणावं. बाईंनी ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली.

"आरामदायक बूट."

"ते मला सांगतायत?"

"मूळ ओळखपत्र. झेरॉक्स चालणार नाही."

"का चालणार नाही? मी घरी नाही हे सिद्ध करायला का?"

"राजवाड्याच्या दारात तपासतात. तिकिटावर नाव असतं."

"म्हणजे कोण कुठल्या दिवशी घरी नसतं, ते त्यांच्याकडे लिहिलेलं असतं." त्यांनी मान हलवली. "पुढे."

"नेहमीची औषधं. हलका गरम कपडा, संध्याकाळी डोंगरावरून थंडी येते. पाठीला लावायची लहान पिशवी. मोठी बॅग आत नेता येत नाही."

"आत नेता येत नाही, मग ती कुठं ठेवायची?"

"तिथं कप्पे असतात."

"कुणाचे?"

बॅग भरायला चार दिवस लागले. चाकांची बॅग त्यांनी साफ नाकारली. जी वस्तू आपोआप चालू शकते ती आपोआप निघूनही जाऊ शकते. सेसारेओची कारखान्यात न्यायची कातडी पिशवी माळ्यावरून काढली. तिच्यात आधी गेला तो भाडेकरार, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. मग स्वतःची उशी, कारण हॉटेलच्या उशीवर कुणाकुणाची डोकी टेकलेली असतात देव जाणे. घरातली कॉफीची किटली. बटाट्याचं ऑम्लेट, अख्खं. पंखा. पावसाचा प्लास्टिकचा झगा. रक्तदाबाच्या गोळ्या, आणि सहलवाल्यांनी कुठली भलती गोळी देऊ केली तर ओळखू यावी म्हणून गोळ्यांचा कागद. मी म्हटलं, तुम्ही लोकांच्या बॅगांवर इतकं बोलता आणि स्वतः उशी नेताय. त्या म्हणाल्या, "लोक मजेला जातात. मी पाळतीवर जातेय."

गुरुवारी दुपारी मला बोलावणं आलं, येताना स्क्रू काढायचं हत्यार आणा म्हणून. बाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. आमच्याकडच्या जुन्या दारांना आतल्या बाजूने लोखंडी कुलूप असतं, विटेएवढं, ठोकून घडवलेलं. बाईंचं सेसारेओने कारखान्यात स्वतः दुरुस्त करून आणलेलं होतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"क्रिसांतो, तुम्ही कागदांत होतात. ते ज्यू लोकांचं खरं का?"

"कुठलं?"

"इथून हाकलून दिलं तेव्हा घराच्या किल्ल्या घेऊन गेले म्हणतात."

"म्हणतात तसं. पिढ्यान्‌पिढ्या जपल्या म्हणतात. कुठं कुठं अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत."

"पाचशे वर्षं?"

"पाचशेच्या वर."

"एकाला तरी घर परत मिळालं?"

"किल्लीमुळे? नाही."

बाईंनी कुलपावरून बोट फिरवलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. "बिचारे," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बोट केलं. "किल्ली नेऊन काय होतं? किल्ली नवी करता येते. कुलूप न्यायला हवं होतं. काढा ते."

मी समजावून पाहिलं. कुलूप काढलं तर दाराला भोक पडेल, दार उघडं राहील, आणि ज्याला आत यायचंय त्याचं काम सोपं होईल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बदलायला कुलूप लागतं," त्या म्हणाल्या. "नसलेलं कुलूप कसं बदलणार? आणि दार उघडं नाही राहणार. आत तुम्ही असणार."

ही बातमी मला तेव्हा कळली. रात्री आतून लाकडी अडसर घालायचा, दिवसा दाराला खुर्ची लावून बसायचं. पण राहायचं नाही. मी तिथं राहतो असं कुणाच्या तोंडून निघालं तर घर दुसऱ्याला दिल्यासारखं होईल आणि करार मोडेल. म्हणून बाईंनी मला तीन वाक्यं पाठ करायला लावली. कुणीही आलं, काहीही विचारलं, तरी ही तीनच बोलायची. मी इथं राहत नाही. मी कुठंही जात नाही. मला काही माहीत नाही.

"चौथं बोललात तर तुमच्याकडून वदवून घेतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले आहात."

ऐंशी वर्षांचे चार स्क्रू तेल पाजून, शिव्या घालून निघाले. कुलूप भरलं साडेतीन किलो. ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पिशवीत गेलं, आणि मागोमाग माझं हत्यारही, कारण "परत बसवायला लागेल, आणि तुमच्याकडे ठेवलं तर तुम्ही कुणालाही द्याल."

शुक्रवारी सकाळी शहराच्या वेशीवरच्या बिसाग्रा दरवाजाखालून बस सुटली. बाई खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर. ड्रायव्हर पिशवी खाली सामानात ठेवायला मागत होता. काय बोलणं झालं ते मला काचेतून ऐकू आलं नाही, पण ड्रायव्हर मागे सरला.

शनिवारी सकाळी मी खुर्चीत बसून कालचं वर्तमानपत्र वाचत होतो. दाराच्या भोकातून गल्लीतल्या उजेडाचा एक गोल माझ्या गुडघ्यावर पडला होता. अकराच्या सुमारास तो गोल गेला. मी वर पाहिलं. भोकात एक डोळा होता.

"अरे," डोळा म्हणाला. "इथं कुलूप होतं ना?"

आवाज बोर्खाचा. हातात किल्ली असावी. ती गोट्यांवर पडल्याचा आवाज आला. त्याच्यामागे एका बाईचा आवाज होता. "काय झालं?"

"काही नाही. एक मिनिट. आत कुणी आहे का?"

माझ्याकडे तीन वाक्यं होती आणि पैकी एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी इथं राहत नाही."

मग बाईचा आवाज, हळू: "बोर्खा, तू म्हणालास जागा मोकळी आहे."

"तीन दिवस मोकळी आहे, असं म्हणालो. म्हातारी ग्रानादाला गेलीय. तुला फक्त बघायची होती ना?"

"आणि हा कोण?"

"मला माहीत नाही. अहो! तुम्ही कोण आहात?"

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

"बाहेर या!"

"मी कुठंही जात नाही."

डोळा गेला आणि दुसरा आला, रंगवलेल्या पापण्यांचा. त्या डोळ्याने मला नीट पाहिलं. मी घरातल्या सपाता घालून होतो. माझ्याजवळ बाईंचा कॉफीचा कप होता. किटली नेल्यामुळे मी पातेल्यात कॉफी उकळली होती, आणि त्या पातेल्याचा काळा डाग टेबलावर दिसत असावा. भिंतीला अडसर टेकवलेला होता. मी त्या डोळ्याला आदराने मान लववली.

"कधीपासून आहे हा इथं?" बाईने विचारलं, मला नाही, बोर्खाला.

"मला काय माहीत!"

"मला काही माहीत नाही," मीही म्हटलं, कारण प्रश्न ओळखीचा वाटला.

पुढचं संभाषण गल्लीत झालं, पण आमची गल्ली रुंद नाही. ती बाई माद्रिदची होती. जुन्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या काढायचा तिचा धंदा, आणि या शहरात अशी चार घरं तिने आधीच घेतलेली. बोर्खाने तिला सांगितलं होतं की म्हातारी एकटी आहे, थकलीय, एकदा बाहेरची हवा लागली की समुद्राकाठच्या एखाद्या वृद्धाश्रमाला हो म्हणेल. माहितीपत्रकं त्याने आणून ठेवली होती. म्हातारीचा प्रश्न सोपा आहे, बाई म्हणत होती. म्हातारी आज ना उद्या जाते. पण कुलूप फोडून घुसलेला माणूस? त्याला काढायला कोर्टात किती वर्षं लागतात, ठाऊक आहे?

"तो घुसलेला नसेल," बोर्खा म्हणाला.

"कुलूप तोडलंय. दाराला दांडकं. मी राहत नाही म्हणतो आणि मी जात नाही म्हणतो. असं कोण बोलतं? वकील करून बसलेली माणसं बोलतात."

मला ते थोडं लागलं. चौथं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, मी ते गिळलं. बाईच्या बुटांचा आवाज वर चढत गेला आणि वळणावर संपला. तळवे रबरी नव्हते.

बोर्खा पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने मला त्याची दया आली आणि मी भोकातून पाण्याचा पेला देऊ पाहिला. पेला भोकात मावत नव्हता. मग मी दार उघडून दिला. त्याने मला ओळखलं.

"तुम्ही समोरचे ना? क्रिसांतो?"

याला चौथं वाक्य लागलं असतं. पेला परत घेतला आणि दार लावलं.

त्याच वेळी, म्हणजे साडेअकराला, साग्रारिओबाई आलांब्राच्या दारात उभ्या होत्या. हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं, आणि त्या स्वतःच्या बाजूने फारसं वाढवून सांगत नाहीत, कारण वाढवलेलं ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडायला सांगितली. आधी उशी निघाली, अभ्र्याविना. मग अर्धं ऑम्लेट. मग अभ्रा, आणि अभ्र्यातून कुलूप आणि हत्यार.

"आजी," रखवालदार म्हणाला, "तुम्ही आत जायला आलात की तोडून न्यायला?"

"हे माझं आहे."

"तसंच म्हणतात सगळे. कुठल्या दाराचं?"

"माझ्या."

"मग दाराला का नाही?"

"कारण मी इथं आहे," बाई म्हणाल्या. यात न समजण्यासारखं काय होतं, ते त्यांना अजून समजलेलं नाही.

रखवालदार वाईट नव्हता. तो म्हणाला, एवढी जड पिशवी आणि हे हत्यार आत चालत नाही. पण बाजूला कप्पे आहेत, तिथं ठेवा, कप्प्याला कुलूप आहे, किल्ली तुमच्याकडे राहील, दोन तासांनी परत घ्या. बाईंनी कप्पे जाऊन पाहिले. एकाचं दार उघडून, लावून, ओढून पाहिलं.

"माझं कुलूप तुमच्या कुलपात ठेवू?" त्या म्हणाल्या. "आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"ऑफिसात, आजी."

"तेच विचारत होते."

तिकिटावरची वेळ टळली. बरोबरची माणसं आत गेली आणि बाई दाराबाहेरच्या बाकावर कुलूप मांडीवर घेऊन बसल्या, तीन तास. भिंतीपलीकडे पाणी वाहत होतं, त्याचा आवाज येत होता. मधे रखवालदाराने येऊन सावलीत बसायला सांगितलं. आतली झाडं बाकावरून दिसत होती, त्या मला म्हणाल्या, वरची टोकं. उंच आहेत. मी विचारलं, वाईट वाटलं का? त्यांनी पडदा दोन बोटं बाजूला करून गल्लीत पाहिलं. मग म्हणाल्या, "सेसारेओ असता तर एकाने पिशवी धरली असती."

रविवारी दुपारी बस आली. मी बाईंना घ्यायला गेलो नाही, कारण मी कुठंही जात नव्हतो; बोर्खा गेला. शनिवारी तो माद्रिदला परतला नाही, चौकातल्या हॉटेलात राहिला. त्याने बिसाग्रा दरवाजापासून पूर्ण चढ पिशवी उचलू का, उचलू का असं विचारलं आणि बाईंनी प्रत्येक वेळी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. दारापाशी दोघं आली तेव्हा बाई घामाघूम होत्या आणि तो त्यांच्यापेक्षा जास्त.

मी खुर्ची बाजूला केली. बाईंनी आत पाऊल टाकलं, भिंती पाहिल्या, टेबलावरचा पातेल्याचा डाग पाहिला, मला पाहिलं.

"किती वाक्यं बोललात?"

"तीन."

"कुणाशी?"

मी बोर्खाकडे पाहिलं. बोर्खा उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याने खोटं बोलायची सुरुवात केली, हे मान्य करायला हवं. दाराची काळजी वाटली, म्हणून बघायला आलो होतो, असं काहीतरी. मग त्या दाराच्या भोकाकडे पाहून त्याचं अवसान गेलं असावं.

"घर विकायला काढलं होतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक घेऊन आलो होतो. तुम्ही नसताना दाखवायला."

"कुलूप बदलायला नाही?"

"नाही. किल्ली होती माझ्याकडे. मावशीची."

"आणि मला कुठं घालवणार होतास?"

"समुद्राकाठी." त्याने खिशातून एक माहितीपत्रक काढलं. चकचकीत, निळं. बाईंनी ते घेतलं नाही.

"मग? विकलंस?"

"तिला वाटलं घुसखोर बसलेत. तिने माद्रिदमध्ये सगळ्यांना सांगितलं. आता कोण घेणार? काल रात्रीपासून दोघांनी फोन करून नको म्हटलं. ज्यांना मी विचारलंही नव्हतं त्यांनी."

मला वाटलं, आता बाई दार लावतील. त्या तशाच उभ्या राहिल्या, पिशवी खांद्यावर. बोर्खाकडे त्या अशा बघत होत्या जशा पडद्याआडून परक्यांच्या बॅगा बघायच्या, आणि मग त्यांचा खांदा उतरला. पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली. तो वजनाने वाकला.

"आत ये," त्या म्हणाल्या. "चौपन्न वर्षांत कुणी मला काही फुकट दिलेलं नाही. तू दिलंस, तेव्हापासून मला झोप नव्हती. आता कळलं तुला काय हवंय. तुला घर हवंय. ते काही मी देणार नाही. पण कळलं."

तास-दीड तास गेला. कागद मी लिहिला: बाई जिवंत असेतो करार आहे तसा राहील, बाई चार दिवस बाहेर गेल्या तरी राहील, त्यांच्या घरात शेजारी बसला तरी राहील, आणि घर कुणालाही दाखवायचं ते बाई घरात असताना. बोर्खाने सही केली. बाईंनी माझ्याकडून तो तीनदा वाचून घेतला, मग बोर्खाकडून एकदा, आम्ही दोघं तेच वाचतो का हे बघायला. मग त्याला कुलूप बसवायला लावलं. त्याने आयुष्यात स्क्रू फिरवला नसावा. बाई शेजारी स्टुलावर बसून एकेक स्क्रू हातात देत होत्या, आणि चौथा तिरका गेला तेव्हा तो काढून पुन्हा बसवायला सांगितला. किल्ली फिरवून पाहिली. दोनदा.

मग त्यांनी डुकराच्या मटणाचा टोमॅटोतला रस्सा गरम केला, शेजारणीकडून पाव आणवला, आणि तीन ताटल्या काढल्या. बोर्खाच्या समोर ताटली ठेवून त्या स्वतः न जेवता त्याच्याकडे बघत बसल्या. त्याने एक घास घेतला.

"मीठ कमी आहे का?"

"नाही, नाही. छान झालंय."

"खरं सांग."

बोर्खाने पाव खाली ठेवला. "कमी आहे."

बाईंनी मान हलवली, मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं, आणि आपली ताटली पुढे ओढली.